रजेच्या अर्जातला ‘कारण’ हा रकाना

प्रति,
रजेच्या अर्जावर मंजुरीची सही करणारे सर्व विभागप्रमुख, व्यवस्थापक आणि एचआरमधली मंडळी

विषय : नैराश्य हा आजार समजून घेण्याबाबत

महोदय, महोदया,

मागच्या वर्षी पाच महिन्यांत मी रजेचे सात अर्ज दिले. ‘कारण’ या रकान्यात तीनदा ‘ताप’ लिहिलं, दोनदा ‘पोट बिघडले’, एकदा ‘पाठदुखी’ आणि एकदा ‘घरगुती अडचण’. सातही कारणं खोटी होती. मी हिशेब विभागात काम करते. बेरजेत एकाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत जागेवरून न उठणारी अशी माझी ख्याती आहे. अशा बाईने सात वेळा कागदावर खोटं लिहून खाली सही केली, कारण खरं लिहायला हात धजावला नाही. सातही वेळा आजार एकच होता : नैराश्य. आपण बोलताना ज्याला डिप्रेशन म्हणतो, ते.

हात का धजावला नाही, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याने त्याच रकान्यात ‘डिप्रेशन’ असं लिहिलं होतं. दुपारपर्यंत ते सगळ्या मजल्याला माहीत झालं. ‘टेन्शन काय त्याला एकट्यालाच आहे?’ असं कुणी म्हणालं. ‘हल्ली फॅशनच झालीये’, असंही कुणी म्हणालं. तो परत आला तेव्हा त्याच्याकडचं महत्त्वाचं काम दुसऱ्याकडे गेलेलं होतं आणि ते का गेलं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्या दुपारी मी तिथेच बसलेली होते. मी हसले नाही, पण कुणाला गप्पही केलं नाही. ती दुपार माझ्या मनात पक्की बसली आणि माझी पाळी आली तेव्हा मी ‘ताप’ लिहून मोकळी झाले.

तुम्ही चांगली माणसं असाल, बहुतेक साहेब लोक असतातच. पण हा आजार आतून कसा असतो हे ठाऊक नसेल, तर चांगुलपणाचाही उपयोग होत नाही. म्हणून आधी एक सकाळ सांगते.

मी बेसिनसमोर उभी होते. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात पेस्ट. पेस्टचं झाकण उघडायचं आहे, हे मला कळत होतं. बोटं ठीक होती, हात ठीक होता. पण ‘उघड’ हा हुकूम हातापर्यंत पोहोचतच नव्हता. नळ चालू होता, तो बंद करायचा हेही कळत होतं आणि तेही होत नव्हतं. घरातल्यांनी दार वाजवलं तेव्हा घड्याळ पाहिलं, तर पंचवीस मिनिटं गेली होती. त्या पंचवीस मिनिटांत मी रडत नव्हते. वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, आणि त्या काहीच न वाटण्याचं ओझं इतकं होतं की झाकण फिरवायला बळ उरलं नव्हतं. त्या दिवशी अर्जात ‘ताप’ लिहिलं. ताप असता तर किती बरं झालं असतं, असं खरंच वाटलं होतं. थर्मामीटर दाखवता आला असता.

आपल्या भाषेत उदास, खिन्न, निराश, हताश, विषण्ण असे कितीतरी शब्द आहेत आणि ते सगळे मनाला काहीतरी वाटण्याचे शब्द आहेत. त्यामुळे नैराश्य म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे फार उदास वाटत असणार. मग सल्ला येतो : मनाला लावून घेऊ नकोस, कामात मन गुंतव, चार लोकांत मिसळ. उदास माणसाला हे सल्ले लागूही पडतात. पण गुंतवायला मन हाताशी असावं लागतं. या आजारात बिघडतं ते नेमकं तेच. आनंद वाटण्याची क्षमताच नाहीशी होते, तिला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८९६ मध्ये ‘अ‍ॅनहेडोनिया’ असं नाव दिलं. नाव कठीण आहे, अनुभव सोपा आहे : जी गाणी ऐकून तीस वर्षं माझा दिवस सुरू व्हायचा, ती नुसता आवाज झाली.

डॉक्टर निदान करतात ते चेहरा पाहून किंवा अंदाजाने करत नाहीत. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या निकषांत नऊ लक्षणं आहेत. दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असणं आणि कशातच रस किंवा आनंद न उरणं ही त्यातली पहिली दोन. मग भूक किंवा वजन खूप कमी-जास्त होणं, झोप न लागणं किंवा सतत झोपच येणं, हालचाली आणि बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझारा, थकवा, आपण कुचकामी आहोत किंवा सगळी चूक आपलीच आहे असं वाटणं, लक्ष न लागणं व साधे निर्णयही न घेता येणं, आणि मरणाचे विचार. यातली निदान पाच लक्षणं, त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असतील आणि त्यामुळे रोजचं जगणं अडत असेल, तर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. एखाद्या वाईट बातमीने चार दिवस जेवण न जाणं आणि हे, यांत फरक आहे तो इथे. परीक्षेत मार्क कमी पडले की ‘डिप्रेशन आलंय’ म्हणायची सवय आपल्या सगळ्यांनाच लागली आहे, मलाही होती. त्या सवयीने या शब्दाचं वजनच घालवलं.

या यादीतलं आठवं लक्षण, लक्ष न लागणं, तुमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं आहे, कारण कामाच्या जागी तेच आधी दिसतं. आणि दिसतं ते आळसासारखं दिसतं, निष्काळजीपणासारखं दिसतं. माझ्या टेबलावर एक छापील तक्ता होता, चाळीस ओळींचा. तो तपासायला मला एरवी दहा मिनिटं लागतात. त्या दिवसांत मी पेन्सिल अकराव्या ओळीवर ठेवायचे, आकडा वाचायचे, शेजारच्या रकान्यात डोळा नेईपर्यंत तो आकडा विसरलेला असायचा. परत अकरावी ओळ. पेन्सिलीच्या टोकाने त्या जागी कागदाला खळगा पडला होता. एका बाजूला साहेबांचा निरोप येऊन पडलेला : ‘तक्त्याचं काय झालं?’ मी तो निरोप उघडतच नव्हते. न उघडलेल्या निरोपांचा आकडा वाढत गेला तसतशी ते उघडायची भीती वाढत गेली. माझ्या वार्षिक मूल्यमापनात त्या काळाबद्दल लिहिलंय : ‘प्रतिसाद वेळेवर देत नाही. कामातला रस कमी झालेला दिसतो.’ दोन्ही वाक्यं अगदी बरोबर आहेत. ती दोन्ही वाक्यं म्हणजे त्या नऊ लक्षणांपैकी दोन आहेत. शेरा लिहिणाऱ्याने ती टिपली, आणि कशाची आहेत हे विचारायचं राहून गेलं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंतेचे विकार या दोहोंमुळे जगभरात दर वर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. नैराश्याने आजारी असलेली माणसं जगात २८ कोटींहून जास्त, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण जास्त. एवढी माणसं कुठेतरी नोकरी करत असणार, कुणाच्या तरी हाताखाली असणार. तुमच्या विभागात पन्नास माणसं असतील आणि ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ असं तुम्हाला वाटत असेल, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच की तुमच्याकडेही अर्जात ‘ताप’ लिहिला जातोय.

आता त्या रकान्याच्या नावाकडे येते. ‘कारण’.

मला डिप्रेशन आहे असं शेवटी जवळच्या दोघा-तिघांना सांगितलं, तेव्हा प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला तो हाच : ‘पण कारण काय? तुला काय कमी आहे?’ मलाही हाच प्रश्न पडला होता आणि उत्तर सापडत नव्हतं म्हणून मी स्वतःलाच दोषी ठरवत होते. खरं म्हणजे या आजाराला एका ओळीत मावेल असं कारण नसतं. आनुवंशिकतेचा वाटा असतो, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो साधारण ३५ ते ४० टक्के धरला जातो. बालपणीचे आघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणं, एकटेपणा, दीर्घकाळचं दुखणं, बाळंतपणानंतरचा काळ, दारू, वर्षानुवर्षं अपुरी झोप हे सगळं त्यात भर घालतं. आणि कधी यातलं काहीच ठळक नसताना तो येतो. मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी झालं की नैराश्य येतं, हे सोपं उत्तर बरीच वर्षं सांगितलं गेलं. आज संशोधक ते तसंच्या तसं मानत नाहीत. गोळ्यांचा अनेकांना गुण येतो हे खरं आहे, पण तापाची गोळी लागू पडली म्हणून अंगात त्या गोळीची कमतरता होती, असं आपण म्हणत नाही.

कामाची जागाही त्या कारणांत असू शकते, हे मी स्पष्ट लिहिते. कामाचा न पेलणारा बोजा, आपल्या कामावर आपलाच ताबा नसणं, सगळ्यांसमोर होणारा अपमान, उद्या नोकरी राहील की नाही याची टांगती तलवार, या गोष्टी धोका वाढवतात. माझ्या बाबतीत तसं होतं का? थोडं होतं. सगळं खापर मी ऑफिसवर फोडणार नाही, ते खरं होणार नाही. पण विचारणारं कुणी नव्हतं, हे खरं आहे.

मी डॉक्टरांकडे गेले ती माझ्या शहाणपणाने गेले नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी मला नेलं. त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाल्या, ‘तुला बरं नाहीये, हे मला महिनाभर दिसतंय. काय झालंय ते सांगू नकोस हवं तर. पण डॉक्टरांची वेळ मी घेऊ का? मी येते तुझ्यासोबत.’ त्यांनी वेळ घेतली, बाहेरच्या बाकावर तासभर बसून राहिल्या आणि नंतर आजतागायत एका शब्दाने त्याचा उल्लेख केला नाही. ‘काही लागलं तर सांग’ असं मला याआधी अनेकांनी म्हटलं होतं, अगदी मनापासून. पण काय लागतंय हे ओळखायचं, ते मागायचं, त्यासाठी फोन उचलायचा, हे सगळं करणारी यंत्रणाच या आजारात बंद पडलेली असते. पाय मोडलेला माणूस मदतीसाठी हाक तरी मारू शकतो. इथे हाक मारायचीच शक्ती जाते. म्हणूनच हे पत्र आजारी माणसाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. पहिलं पाऊल तुमच्याकडून यायला हवं.

डॉक्टरांनी काय केलं तेही थोडक्यात सांगते, कारण मानसोपचार म्हटलं की अजूनही भलतंच काही डोळ्यांसमोर येतं. त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइडचं काम मंदावलं असेल, बी-१२ जीवनसत्त्व किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून ते आधी पाहावं लागतं. मग नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. मला १९ मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या त्रासाला आकडा मिळाला आणि माझ्यासारखीला त्याने केवढा धीर आला. कधी अचानक खूप उत्साह, कमी झोपेतही थकवा नाही, बेफाम खर्च असे दिवस येऊन गेलेत का, हेही त्यांनी खोदून विचारलं. तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, ‘जगू नये असं वाटतं का?’ मी हो म्हणाले. ते वाक्य कुणीतरी माझ्यासमोर साध्या आवाजात उच्चारलं, याने छातीवरचं काहीतरी हललं. असा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो, ही भीती अगदी सगळीकडे आहे, पण अभ्यासांनी ती खरी ठरवलेली नाही. बोलायला वाट मिळते. तेव्हा तुमच्या कुणा माणसाबद्दल अशी शंका आली, तर विचारायला कचरू नका. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत किंवा हेल्पलाइनपर्यंत पोहोचवा. बैठक राहू दे.

उपचारांचा वेळापत्रकाशी संबंध आहे, तो तुम्हाला ठाऊक हवा. गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. मळमळ, झोपेचा घोळ, डोकं जड होणं हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकतो. म्हणजे ‘आता औषध चालू झालंय, सोमवारपासून ये’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा माणूस नेमका सगळ्यांत वाईट आठवड्यात असतो. पहिलं औषध प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही. मला दुसरं लागू पडलं. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात आणि थांबवायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. या गोळ्यांची नशेसारखी तलफ लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो. सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनानेही भागू शकतं. एरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात मांडलेली विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते.

माझ्या समुपदेशकांनी पहिल्या आठवड्यात एवढंच सांगितलं होतं : इच्छा होवो न होवो, सकाळी सात मिनिटं घराबाहेर चालायचं आणि वहीत नोंद करायची. सात मिनिटं, जास्त नाही. मी वहीत तारीख, वेळ, मिनिटं असे रकाने आखले. चौथ्या आठवड्यात एका नोंदीपुढे मी आपणहून लिहिलं होतं, ‘पक्ष्यांचा आवाज आला.’ पक्षी आधीही ओरडतच असणार.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ‘असं म्हटलं तर उद्या कुणीही उठून डिप्रेशनच्या नावाखाली रजा मागेल.’ मागेल एखादा. पाठदुखीच्या नावाखालीही मागतातच, म्हणून तुम्ही पाठदुखीला खोटा आजार ठरवत नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र तुम्ही मागू शकता, जसं इतर आजारांत मागता तसंच आणि तेवढंच. त्यापुढे निदानाची चिकित्सा करणं तुमचं काम नाही. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, घरात काही भांडण आहे का, हे विचारू नका. आणि जे कळेल ते तुमच्या खोलीबाहेर जाऊ देऊ नका. माझ्या त्या सहकाऱ्याचा आजार औषधाने सहा महिन्यांत आटोक्यात आला. त्याची बातमी मात्र मजल्यावर पुढची दोन वर्षं फिरत राहिली.

मला तुमच्याकडून हवं आहे ते फार मोठं नाही. चांगलं काम करणारा माणूस अचानक चुका करू लागला, निरोपांना उत्तर देईनासा झाला, चिडचिडा झाला (पुरुषांमध्ये अनेकदा उदासीपेक्षा चीडच आधी दिसते), तर मेमो देण्याआधी एकदा दार लावून, शांतपणे, ‘तब्येत बरी आहे ना?’ एवढं विचारा आणि मग गप्प बसून उत्तराची वाट बघा. उत्तर यायला वेळ लागतो. परतणाऱ्याला पहिले काही आठवडे अर्धा दिवस येऊ द्या. एकदम दहा कामं देण्यापेक्षा एक द्या, लेखी द्या, मुदतीसकट द्या, कारण तोंडी सांगितलेलं डोक्यात राहत नाही. पण त्याचं सगळं काम काढून घेऊ नका. तसं केलं, की आपण कुचकामी असल्याची जी खात्री आजाराने करून दिलेली असते, तिच्यावर तुमचा शिक्का बसतो. दर काही आठवड्यांनी डॉक्टरांकडे जायला दोन तास लागतील, ते कुरकुर न करता द्या. एकदा नैराश्य होऊन गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते पुन्हा होतं, म्हणून ‘आता तू बरी आहेस’ म्हणून हे दोन तास कापू नका. आणि ‘हिंमत धर’ म्हणू नका. बेसिनसमोरून उठून, बस पकडून, तुमच्यासमोर येऊन उभं राहायला जेवढी लागते तेवढी हिंमत त्याने सकाळीच खर्च केलेली असते.

मी आता बरी आहे. तक्ता पुन्हा दहा मिनिटांत होतो. येत्या गुरुवारी माझी फेरतपासणी आहे आणि त्यासाठी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज मी आजच भरला. ‘कारण’ या रकान्यात लिहिलंय : ‘नैराश्य, डॉक्टरांकडे फेरतपासणी.’ अर्ज तुमच्या टेबलावर आहे.

आपली नम्र,
हिशेब विभागातील एक कर्मचारी